चिलखत, भटक्या आणि न घातलेली पँट : चॅप्लिनचा ‘द आयडल क्लास’

फार्समध्ये वेशांतराचा घोळ दाखवणं सोपं असतं, पटवणं कठीण. एकाचा कोट दुसऱ्याने घातला की सख्खी बायकोही नवऱ्याला ओळखत नाही, हे आपण नाटकांत वर्षानुवर्षं खपवून घेत आलोय. हौशी नाटकांच्या कपडेपटात माझी पुष्कळ वर्षं गेली. त्यामुळे अशा प्रवेशाला माझ्या मनात येणारा प्रश्न ठरलेला आहे : अगं बाई, इतके दिवस तू नवऱ्याला काय कोटावरून ओळखत होतीस? चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द आयडल क्लास’ या छोट्या मूकपटात हा प्रश्न मला पडला नाही. इथे घोळ होण्याचं कारण इतकं चोख आहे की त्या बाईच्या जागी मी असते तर मीही फसले असते.

चित्रपट जेमतेम अर्ध्या तासाचा, दोन रिळांचा. गोष्ट अमेरिकेतली, श्रीमंतांच्या हवा खायच्या एका ठिकाणची. मोठं हॉटेल, गोल्फचं मैदान, घोड्यावरून रपेट मारायला झाडीतले रस्ते. आगगाडी येते. डब्यातून झोकदार बाई उतरतात, त्यांच्यामागून सामानसुमान. आणि त्याच डब्याच्या खालच्या पेटीतून आपला भटक्या, म्हणजे चॅप्लिनचं ते नेहमीचं फाटकं पात्र, बाहेर पडतो. त्याच्याजवळही बॅग आहे, गोल्फच्या काठ्याही आहेत. म्हणजे हाही हवापालटालाच आलाय, फक्त तिकीट काढायचं राहिलंय.

उतरलेल्या बायकांपैकी एक नटी एडना पर्व्हायन्स. तिला घ्यायला नवऱ्याने स्टेशनवर यायचं होतं, पण तो आलेला नाही, कारण तो दारुडा आणि त्यातून विसरभोळा आहे. हा नवराही चॅप्लिनच. मिशी तीच, चेहरा तोच. दोघं इतके सारखे का दिसतात याचं स्पष्टीकरण चित्रपट देत नाही. जुळे भाऊ नाहीत, जत्रेत हरवलेले नाहीत. आहेत सारखे, पुढे चला. हे मला फार आवडलं. स्पष्टीकरण द्यायला बसलं की फार्स तिथेच मरतो.

आता तो पँटचा प्रसंग. नवरा बायकोला आणायला निघालाय. उंच हॅट, कडक कॉलर, कोट, सगळं जागच्या जागी. राहिलीय ती फक्त पँट. हा गृहस्थ अंतर्वस्त्रांतच खोलीबाहेर पडतो आणि हॉटेलच्या भर दिवाणखान्यातून चालत जातो. आता यात काय विनोद, असं वाटेल. पँट सुटण्याचे, फाटण्याचे विनोद चॅप्लिनच्या आधीही होते आणि आजही चालू आहेत. पण नटाला पँटशिवाय रंगमंचावर उभं केलं की काय होतं ते मी विंगेतून पाहिलेलं आहे. तो आधी गुडघे जवळ घेतो, मग कोट खाली ओढतो, खांदे आखडतो. आपण उघडे आहोत हे त्याच्या अंगाला कळलेलं असतं आणि म्हणून प्रेक्षकांनाही ते नाटकी वाटतं. चॅप्लिनच्या अंगाला हे कळलेलंच नाही. त्याची चाल पँट घातलेल्या माणसाची आहे. पाऊल पडतं ते इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेताने. कंबर ताठ, हनुवटी वर. पुढे टेलिफोनच्या खोक्यात शिरल्यावर त्याला सत्य उमगतं आणि त्या एका क्षणात सगळं शरीर बदलतं. आतापर्यंत ऐटीत टाकलेले पाय एकदम चोरट्याचे होतात. मग वर्तमानपत्राच्या आडोशाने परतीचा प्रवास. नवशिक्या नटांना मी हा तुकडा मुद्दाम बघायला सांगते. पोशाख अंगावर असणं आणि पोशाख अंगात असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इथे तर नसलेल्या पोशाखाचा अभिनय आहे.

बायको चिडते हे ओघानेच आलं. ती चिठ्ठी ठेवते की दारू सोडेपर्यंत मी वेगळ्या खोलीत राहणार. यानंतरचा विनोद चॅप्लिनच्या उत्तमांत मोजला जातो आणि तो मोजावाच. नवरा चिठ्ठी वाचतो, आपल्याकडे पाठ करतो. पाठमोऱ्या माणसाचे खांदे थरथरायला लागतात, मग गदगदायला लागतात. हुंदके अनावर झालेले दिसतात. आपल्यालाही क्षणभर वाईट वाटतं. तो वळतो, आणि हातात कॉकटेलचा शेकर. रडत बिडत नाहीये, दारू घुसळतोय.

पाठीने अभिनय करायला जमतं ते नट विरळा. इथे कोटाच्या शिवणीचाही हात आहे. नवऱ्याचा कोट पाठीत मापाला इतका नेमका बसलेला आहे की खांद्याची लहानशी हालचालही कापडावर उमटते. भटक्याच्या कोटात ही गंमत झाली नसती. तो आखूड आणि अंगाला आवळलेला, त्यात पाठ हलतच नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू होती. म्हणजे हा चित्रपट लागला तेव्हा थिएटरात बसलेल्या माणसाला दारू विकणं कायद्याने बंद होतं, आणि पडद्यावरचा श्रीमंत मनुष्य मात्र हॉटेलच्या खोलीत निवांतपणे शेकर हलवत होता. त्या हशात थोडा जळफळाटही असणार.

मधला गोल्फचा भाग मला लांबल्यासारखा वाटतो. भटक्या दुसऱ्यांचे चेंडू पळवून खेळतो, एकाचा राग दुसऱ्यावर निघतो, एक झोपलेला माणूस चेंडू तोंडात धरून घोरतो आणि भटक्या त्याच्या पोटावर पाय देऊन चेंडू उडवतो. हे सगळं हसवतं, पण वेशांतराच्या गोष्टीशी त्याचा धागा बारीक आहे. इथे ज्यांची फजिती होते त्यांत मॅक स्वेन हा नट आहे, धिप्पाड, भुवया उंचावून बघणारा. तोच पुढे एडनाचा बाप म्हणून समोर येतो. जोडणी आहे, नाही असं नाही. तरी दोन रिळांपैकी एवढी जागा गोल्फला द्यायची आणि शेवटची फॅन्सी ड्रेस पार्टी मात्र आटोपशीर ठेवायची, हे गणित मला मान्य नाही. मॅक स्वेनला ज्यांनी चॅप्लिनच्याच ‘द गोल्ड रश’मध्ये पाहिलंय त्यांना त्याला इथे बघायला मजा येईल, एवढं खरं.

याच भागात एक छोटंसं स्वप्न आहे. एडना घोड्यावरून जाते, भटक्या तिला बघतो, आणि मनातल्या मनात उधळलेल्या घोड्यावरून तिला वाचवतो, लग्न करतो, मांडीवर मूल येतं. काही सेकंदांत अख्खा संसार. मग डोळे उघडतात. हा तुकडा गोड म्हणून सोडून देऊ नका. पुढे पार्टीत हीच बाई आपण होऊन त्याला जवळ बोलावणार आहे, तेव्हा तो नकार का देत नाही याची तजवीज इथे करून ठेवलेली आहे.

आणि मग पार्टी. सगळे जण काही ना काही सोंग घेऊन आलेत. नवऱ्याने निवडलंय मध्ययुगीन सरदाराचं चिलखत, डोक्यापासून पायापर्यंत लोखंडी. निघण्यापूर्वी एक घोट घ्यावा म्हणून पेला उचलतो आणि शिरस्त्राणाची झडप खाली पडून अडकते. उघडेचना. बायकोची अट होती दारू सोड, त्याने काही सोडली नाही. आता पेला तोंडाशी नेऊनही उपयोग नाही. बायकोला जमलं नाही ते झडपेने करून दाखवलं.

इकडे बागेतल्या बाकावर खिसेकापूचा आळ भटक्यावर आलाय. पोलीस मागे लागलाय. त्याला चुकवता चुकवता तो पार्टीच्या दारात पोचतो आणि आत घेतला जातो, कारण दारावरच्या माणसाच्या दृष्टीने तोही सोंग घेऊनच आलाय. एडना त्याला बघते. तिला वाटतं, नवऱ्याने यंदा भिकाऱ्याचा वेष काढलाय. ती प्रसन्न होते, त्याला माफ करून टाकते.

हा सगळा डोलारा कशावर उभा आहे ते बघा. चॅप्लिनचा हा वेष पडद्यावर पहिल्यांदा आला फेब्रुवारी १९१४ मध्ये. काही वर्षांतच त्याची इतकी लाट आली की चॅप्लिनसारखं दिसण्याच्या स्पर्धा भरू लागल्या, बिली वेस्टसारखे नट त्याची हुबेहूब नक्कल करून चित्रपट काढू लागले. म्हणजे १९२१ पर्यंत ती छोटी हॅट, तो आवळ कोट, ती ढगळ पँट आणि ते बोजड बूट हे फॅन्सी ड्रेसमधलं एक हमखास सोंग झालं होतं. घरात पैसा असलेल्या कोणीही एका संध्याकाळीपुरतं ते अंगावर चढवावं आणि घरी जाऊन उतरवून ठेवावं. त्यामुळे एडनाला आपला नवरा या वेषात दिसला यात नवल काहीच नाही. या कपड्यांचा मूळ मालकही कोणीतरी असेल, त्याच्याकडे दुसरे कपडेच नसतील, ही शंका मात्र त्या अख्ख्या दालनात एकालाही येत नाही. सगळ्या सोंगाड्यांत खऱ्या कपड्यांत आलेला हा एकटाच, आणि म्हणूनच त्याचं सोंग सगळ्यांत झकास ठरतं.

कपडेपटवालीच्या नजरेने सांगते, या वेषाची शिवण बघण्यासारखी आहे. सगळं एकमेकांच्या विरुद्ध असावं, कोट घट्ट तर पँट ढगळ, हॅट लहान तर बूट मोठे, असा आपला विचार होता हे चॅप्लिनने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. कोटाचं बटण लावलं की काजापासून दोन्ही बाजूंना सुरकुत्या ताणल्या जातात. पँटचं आसन इतकं खाली उतरलेलं की तो चालतो तेव्हा मांड्या कुठे संपतात ते कळत नाही. नवऱ्याच्या पोशाखात तोच माणूस उंच आणि सडपातळ वाटतो, भटक्याच्या पोशाखात बुटका. शरीर एकच, फरक सगळा मापाचा. दोन भूमिकांसाठी त्याने चेहऱ्यावर निराळं काही केलेलं नाही. केलंय ते शिंप्याने.

चिलखताची योजनाही मला फार हुशारीची वाटते. एकाच नटाला दोन माणसं म्हणून एका चौकटीत दाखवायचं तर त्या काळी तीच फिल्म दोनदा एक्स्पोज करायची, अर्धी झाकून अर्धी उघडी ठेवायची, असली जिकिरीची कामं करावी लागत. दुहेरी भूमिकेतला एक जण लोखंडात बंद झाला की आत कोणालाही घाला, कोणाला कळतंय! म्हणजे अडकलेली झडप ही गोष्टीची गरज तर आहेच, पण शूटिंगची सोयही आहे. फार्स लिहिणाऱ्यांनी अशा ठिकाणी कान धरावा. सोयीची गोष्ट कथेत इतकी बेमालूम शिवली की टाका दिसत नाही.

पार्टीतली मारामारी ठीकठाक. एडना भटक्याला नवरा म्हणून बापापुढे उभा करते, तो प्रामाणिकपणे सांगतो की आमचं लग्न झालेलं नाही, आणि बापाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. खरं बोलल्याबद्दल मार खायचा, हा विनोद कधी जुना होत नाही. चिलखतातला खरा नवरा आपल्या बायकोला दुसऱ्याच्या गळ्यात बघून चवताळतो, पण लोखंड घालून चवताळायलाही मर्यादा येतात. शेवटी झडप उघडण्याचा सामुदायिक प्रयत्न होतो, ठोकाठोकी होते, आणि अखेरीस भटक्याच डबा फोडायच्या ओपनरने शिरस्त्राण कापून नवऱ्याला मोकळा करतो. ज्याच्या मोकळं होण्याने आपलं नशीब संपणार, त्याला स्वतःच्या हाताने बाहेर काढतो. चॅप्लिन यावर एक क्षणही रेंगाळत नाही. उघडला डबा, बाहेर आला नवरा, निघा तुम्ही.

एडनाबद्दल मात्र तक्रार आहे. १९१५ पासून चॅप्लिनसोबत तीसहून अधिक चित्रपटांत असलेली ही नटी. तिच्या चेहऱ्यात एक शांतपणा आहे, त्याने समोरच्याचा धिंगाणा खुलतो. पण इथे तिला रुसणं, माफ करणं आणि गोंधळणं याच्यापलीकडे काम नाही. दोन चेहरे समोरासमोर आल्यावर तिला काय वाटलं? ज्याला तिने माफ केलं तो नवरा नव्हताच, आणि नवऱ्याने तर दारू सोडलेलीच नाही. म्हणजे भांडण जिथल्या तिथे. फार्समधल्या बायकांच्या वाट्याला हे नेहमीच येतं, पण एका आईची व्यथा दाखवणारा ‘द किड’ याच वर्षी आधी काढलेल्या माणसाकडून मी थोडी जास्त अपेक्षा ठेवली होती.

त्या संदर्भात एक. फर्स्ट नॅशनल या कंपनीसाठी चॅप्लिनने केलेल्या आठ चित्रपटांतला हा सहावा. हा करार दहा लाख डॉलरच्या वरचा होता, आणि तो करणारा माणूस लहानपणी लंडनच्या लॅम्बेथमधल्या अनाथ-निराधारांच्या वर्कहाउसमध्ये राहून आलेला. चित्रपट सप्टेंबर १९२१ मध्ये लागला तेव्हा चॅप्लिन युरोपात होता, जागोजागी त्याच्या स्वागताला झुंबड उडत होती. उंच हॅटवाला आणि ठिगळवाला असे दोघंही त्याच्या घरचेच होते असं म्हणायला हरकत नाही. म्हणून श्रीमंत नवऱ्यावर त्याने तोंडसुख घेतलं असलं तरी त्याचा तिरस्कार केलेला दिसत नाही. पँट विसरलेला तो माणूस मला तर थोडा केविलवाणाच वाटला. श्रीमंतांना झोडपणारा चित्रपट हवा असेल तर हा तो नव्हे.

शेवट सांगून टाकते, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. भटक्याला हाकलून दिल्यावर एडनाला वाईट वाटतं. ती बापाला पाठवते. बाप धावत जाऊन त्याला गाठतो, हात पुढे करतो. आता दिलजमाई होणार असं वाटतं तोच भटक्या त्याला खाली काहीतरी दाखवतो, बाप बघायला वाकतो, आणि मागून सणसणीत लाथ. भटक्या पसार. माफी मागून मोकळं व्हायची श्रीमंतांची सोय तो देत नाही. हळवा होण्याची पुरेपूर संधी असताना चॅप्लिनने ती धुडकावली याबद्दल त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

ज्यांना गोष्ट घट्ट बांधलेली लागते त्यांना मधला भाग खटकेल. लहान मुलांना मात्र तोच भाग आवडतो, झोपलेल्या माणसाच्या तोंडातून चेंडू उडाला की त्यांचं हसू थांबत नाही. मूकपट पहिल्यांदाच बघणाऱ्याला सुरुवात म्हणून हा चांगला, मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या कमी आहेत आणि नाही वाचल्या तरी बिघडत नाही.

प्रत मात्र निवडून घ्या. अमेरिकेत याच्या स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) काळ उलटून गेलाय, त्यामुळे इंटरनेटवर नाही नाही त्या प्रती पडलेल्या आहेत. काहींत माणसं वारा प्यायल्यासारखी पळतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला आजच्यापेक्षा कमी चौकटी घेत, आणि त्या आजच्या वेगाने चालवल्या की टायमिंगचं वाटोळं होतं. खांदे थरथरण्याचा प्रसंग अशा प्रतीत साफ मेलेला असतो, कारण हुंदका आहे असं वाटायला जो वेळ लागतो तोच मिळत नाही. काहींवर कुठलाही टिणटिण पियानो चिकटवलेला असतो. चॅप्लिनने ऐंशी ओलांडल्यावर, १९७१ मध्ये, या चित्रपटाला स्वतः संगीत दिलं. ते असलेली, नीट दुरुस्त केलेली प्रत शोधा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चौकट. नव्या रुंद पडद्यात बसवण्यासाठी वरून-खालून कापलेल्या प्रती सर्रास मिळतात. नवरा खोलीबाहेर पडताना त्याचे पाय दिसले नाहीत तर तिथेच बंद करा आणि दुसरी प्रत लावा.